पदवी एकाच तऱ्हेची, माल वेगवेगळा: कृषी, जैवतंत्रज्ञान आणि अन्नतंत्रज्ञान शिक्षणाचा एका पालकाचा हिशोब

वसमत तालुक्यात आमची नऊ एकर काळी जमीन आहे, आणि गावच्या बाजारपेठेत बियाणे, खते व औषधांचे एक जुने दुकान आहे. या दोन्हींच्या जोरावर आमच्या एकत्र कुटुंबाने तीन मुलांना कृषी विद्यापीठांच्या पदव्या दिल्या. माझा थोरला मुलगा २०१५ ते २०१९ या काळात बी.एस्सी. कृषी झाला, पुतणी २०१८ ते २०२२ मध्ये बी.टेक. जैवतंत्रज्ञान झाली आणि धाकटी मुलगी २०२५ मध्ये बी.टेक. अन्नतंत्रज्ञान होऊन घरी आली. गिऱ्हाईक जसे खताच्या पोत्यावरील नत्र, स्फुरद, पालाशाचे आकडे वाचून आत खरोखर काय भरले आहे ते विचारते, त्याच नजरेने मी या तिन्ही पदव्यांकडे पाहिले. तिन्ही महाविद्यालयांची नावे मी येथे मुद्दाम देत नाही. एक विद्यापीठाचे स्वतःचे, म्हणजे घटक महाविद्यालय होते आणि उरलेली दोन खासगी, संलग्न, कायम विनाअनुदानित होती, एवढी माहिती वाचकाला पुरेशी आहे.

प्रथम या सेवेची रचना सांगतो, कारण पहिल्यांदा प्रवेशाला जाणाऱ्या पालकाचा गोंधळ तेथेच होतो. महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत: राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चे, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे, आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ ही दोन्ही १९७२ ची. पशुवैद्यक, दुग्धतंत्र आणि मत्स्यशास्त्र यांसाठी नागपूरला वेगळे विद्यापीठ आहे. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छपराखाली असावीत, हा यांमागचा मूळ विचार आहे, आणि १९६० मध्ये पंतनगरला देशातील पहिले कृषी विद्यापीठ निघाले तेही याच विचाराने. शेतकऱ्याला या विद्यापीठांची ओळख वर्गखोलीतून होत नाही, ती वाणातून होते. दुकानात येणारा माणूस राहुरीला ‘फुले संगम’ सोयाबीनवरून ओळखतो, परभणीला ‘परभणी क्रांती’ भेंडीवरून किंवा नांदेड-४४ कपाशीच्या जुन्या आठवणीवरून, आणि दापोलीला ‘रत्ना’ आंब्यावरून, जो नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आला. ज्या आवारात वाण तयार होतो त्याच आवारात मूल शिकत असेल, तर त्याला पैदासकार वाफ्यात वाकून परागीभवन करताना दिसतो. संलग्न महाविद्यालयातील मुलाला अभ्यासक्रम तोच, पदवीच्या कागदावरील विद्यापीठाचे नाव आणि शिक्काही तोच. पैदासकार मात्र वाट्याला येईलच असे नाही. हा फरक माहितीपत्रकात छापलेला नसतो.

थोरल्याचे कृषी पदवीचे पहिले वर्ष मला फारसे समजले नाही, कारण तो सुटीत घरी येऊन इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करत असे. दुसऱ्या वर्षी मात्र तो एक लाकडी पेटी आणि फुलपाखरे पकडण्याचे जाळे घेऊन आला आणि आमच्या तुरीत, हळदीत व बांधावर दिवसभर हिंडू लागला. कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने कीटकांचा संग्रह करायचा असतो, टाचणीखालच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि पीक लिहायचे असते, आणि भुंगेऱ्याला टाचणी टोचताना ती उजव्या कठीण पंखातूनच जावी लागते, मधोमध नव्हे. हे उजव्या पंखाचे प्रकरण मला प्रथम पोरखेळ वाटले. पुढे एके दिवशी दुकानात एक शेतकरी तुरीच्या शेंगेतली अळी कागदात गुंडाळून घेऊन आला, आणि मी सवयीने औषधाच्या बाटलीकडे हात नेला, तेव्हा मुलाने ती अळी भिंगाखाली धरून सांगितले की ही शेंगा पोखरणारी हिरवी अळी नसून शेंगमाशीची अळी आहे, तिला पाय नाहीत, आणि ती शेंगेच्या आत असताना तुम्ही देत असलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचणारच नाही. त्या दिवशी माझी एक बाटली कमी खपली; पेटीची किंमत मात्र वसूल झाली.

मृदशास्त्राचेही तसेच. सेंद्रिय कर्ब काढण्याची वॉकली-ब्लॅक पद्धत त्याने इतक्या वेळा केली होती की जांभळट निळा रंग जाऊन हिरवा कोणत्या थेंबाला येतो, हे तो ब्युरेटवर बोट ठेवूनच सांगत असे. स्फुरद मोजण्यासाठी आमच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीला ओल्सेनची पद्धत का आणि कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ब्रेची पद्धत का, हे त्याला पाठ नव्हते, समजले होते. या दोहोंतले अंतर किती आहे, हे मला पुढे पुतणीच्या वेळी कळले.

या पदवीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सातवे सत्र, ज्याला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात आणि मुले ज्याला नुसते ‘रावे’ म्हणतात. या सत्रात विद्यार्थी गावात जातात, त्यांना एकेक शेतकरी नेमून दिलेला असतो, आणि गावकरी त्यांना कृषिदूत व कृषिकन्या या नावांनी ओळखतात. मी या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना होतो. माझा मुलगा दुसऱ्या तालुक्यातल्या एका घरी राहून आला, आणि पुढच्या काही वर्षांत माझ्याच शेतावर चार तुकड्या येऊन गेल्या. या चार तुकड्यांपैकी दोन उत्तम होत्या. एका तुकडीतल्या मुलींनी मे महिन्याच्या अखेरीस माझ्या घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, रोज पाणी शिंपडले आणि काही दिवसांनी उलगडून दाखवले, तेव्हा एकसष्ट दाण्यांनाच धड कोंब होते. सत्तर टक्के उगवण ही किमान मर्यादा. त्याखाली आल्यावर एकरी तीस किलो बियाणे पुरत नाही, ते वाढवावे लागते किंवा बदलावे लागते. बियाणे विकणाऱ्या माणसाच्या घरचेच बियाणे नापास झाल्याची बातमी गावात दोन वर्षे पुरली, परंतु दुबार पेरणीचा खर्च वाचला, हेही खरे. दुसऱ्या दोन तुकड्यांनी मात्र एका दिवसात माती नमुना, बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण आणि निंबोळी अर्क अशी चारही प्रात्यक्षिके उरकली, प्रत्येकाचा फलक धरून छायाचित्र काढले, माझी सही घेतली आणि ती निघून गेली. बोर्डो मिश्रणात त्यांनी मोरचूद आणि चुना एकाच बादलीत एकदम ओतला होता. एक किलो मोरचूद वेगळ्या पाण्यात, एक किलो चुना वेगळ्या पाण्यात, आणि मग दोन्ही एकत्र करून शंभर लिटर, हे मी त्यांना सांगितले, आणि त्यांनी ते नम्रपणे वहीत लिहून घेतले. सही मी तरीही केली. पोरांचे वर्ष अडवणे मला जमले नाही, आणि कार्यानुभव कागदावर उरण्याला माझ्यासारखे यजमान शेतकरीही कारण आहेत, हे मान्य करायला हवे.

भाषेचा एक मुद्दा येथेच सांगावासा वाटतो. ही मुले तीन वर्षे सर्व विषय इंग्रजीत शिकतात, आणि चौथ्या वर्षी त्यांना ते ज्ञान अशा माणसाला सांगायचे असते जो फुलकिडे, तुडतुडे, करपा आणि मर हे शब्द वापरतो. चांगल्या महाविद्यालयात विस्तार शिक्षणाचे प्राध्यापक मुलांकडून मराठीत घडीपत्रिका लिहून घेतात आणि चुका लाल शाईने काढतात. अशा तपासलेल्या घडीपत्रिका मी जपून ठेवल्या आहेत आणि गिऱ्हाइकांना आजही वाचायला देतो.

घटक महाविद्यालयाचे दोषही लिहिले पाहिजेत, नाहीतर हा आढावा जाहिरात ठरेल. थोरल्याच्या काळात तेथे मंजूर पदे आणि हजर माणसे यांत मोठे अंतर होते. एकच प्राध्यापक तीन विषय शिकवत असे, शिवाय बियाणे प्रक्षेत्राचा ताबा आणि वसतिगृहाचे अधीक्षकपद त्यांच्याकडेच होते, त्यामुळे पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत वर्ग आपोआप बुडत. आठव्या सत्रातील अनुभवाधारित शिक्षणात मुलांनी स्वतः एक छोटा उद्योग चालवायचा आणि नफ्यात वाटा घ्यायचा अशी योजना आहे, आणि ती कागदावर अतिशय सुंदर आहे. मुलाच्या तुकडीने कुक्कुटपालन घेतले, पण पिल्ले यायला दोन महिने उशीर झाला आणि कोंबड्या विकायच्या वेळी परीक्षा लागली. नफ्याचा वाटा आला तो एका चहाला पुरेल एवढा होता. तरी खाद्याचा हिशोब, मरतुक आणि व्यापाऱ्याने पाडलेला भाव हे त्या पोरांनी पहिल्यांदाच स्वतःच्या अंगावर घेतले, आणि ते मी तोट्यात धरत नाही.

आता पुतणीची पदवी. जैवतंत्रज्ञान हा शब्द ऐकला की आमच्याकडच्या पालकांच्या डोळ्यांसमोर पांढरा अंगरखा येतो, आणि खासगी संस्थांना हे पक्के ठाऊक असते. प्रवेशाच्या दिवशी आम्हाला प्रयोगशाळा दाखवली गेली. काचेची दारे होती, थंडगार खोली होती, आणि डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्रावर निळ्या कापडाचे स्वच्छ आच्छादन होते. त्या आच्छादनाने मी प्रभावित झालो, हे लिहिताना आज मला संकोच वाटतो. वापरात असलेल्या यंत्रावर कापड फार वेळ टिकत नाही, एवढे दुकानदाराला तरी कळायला हवे होते.

मध्ये करोनाचा काळ आला आणि वर्षभराहून अधिक काळ प्रात्यक्षिके भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झाली. त्याचा दोष मी महाविद्यालयाला देणार नाही, तो कोणालाच देता येत नाही. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या वर्षाची. महाविद्यालय पुन्हा उघडल्यावर ऊतीसंवर्धनाचे (टिश्यू कल्चरचे) प्रात्यक्षिक झाले ते तीस मुलांनी अर्धवर्तुळात उभे राहून, एका शिक्षकाने एका बाटलीत एक तुकडा ठेवताना पाहिले एवढेच. ज्याने हे काम हाताने केले आहे त्याला ठाऊक असते की ते स्वयंपाकासारखे आहे, आणि पाहून येत नाही. मुराशिगे आणि स्कूग यांचे माध्यम, म्हणजे त्या तुकड्याचे खाद्य, क्षारांपासून तयार करायचे, लिटरला तीस ग्रॅम साखर घालायची, सामू (पीएच) ५.८ वर आणायचा, अगार विरघळवायचे, १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे निर्जंतुक करायचे, आणि मग निर्जंतुक हवेच्या पेटीसमोर बसून हात न थरथरता कोंबाचा तुकडा ठेवायचा. चार दिवसांनी निम्म्या बाटल्यांत बुरशी दिसते. मग आपली चूक चिमट्यात होती, हातमोज्यात होती की बाटली उघडी ठेवण्यात, हे शोधायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. खरे शिक्षण या वाया गेलेल्या बाटल्यांत असते, आणि बाटल्या वाया जाऊ देणे हे खर्चाचे काम आहे. नेमका तोच खर्च त्या संस्थेने वाचवला. पुतणीच्या प्रात्यक्षिक वहीत एकही प्रयोग फसलेला नव्हता. सर्व निष्कर्ष पुस्तकासारखे होते, कारण ते पुस्तकातूनच आले होते.

कपाशीचे उदाहरण याहून टोचणारे आहे. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावल्यावर २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय झाले ते सांगायला नको. पुतणीला हे विष तयार करणाऱ्या क्राय जनुकांवर दहा गुणांचे उत्तर झोपेतही लिहिता येत होते. एकदा एक शेतकरी दुकानात संशयास्पद पाकिटातले रोप घेऊन आला आणि यात बीटी आहे की नाही हे तपासता येईल का असे त्याने विचारले, तेव्हा ती माझ्याकडे पाहू लागली. पान द्रावणात चुरडून त्यात कागदी पट्टी बुडवायची आणि काही मिनिटांत उमटणाऱ्या रेषा पाहायच्या, अशा साध्या तपासण्या उपलब्ध आहेत, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनेही त्यांवर काम केलेले आहे, आणि त्यांना ना काचेची खोली लागते ना महागडे यंत्र. चार वर्षांत अशी एक पट्टी तिच्या हातात आली नव्हती.

पदवीनंतर ती केळीची रोपे करणाऱ्या एका प्रयोगशाळेत अत्यल्प विद्यावेतनावर राहिली आणि तेथे आठ महिन्यांत शिकली. अर्धापूर परिसरातले केळी उत्पादक रोप विषाणूमुक्त आहे का हे आता चौकसपणे विचारतात. पर्णगुच्छ आणि काकडीवरील मोझॅक या दोन विषाणूंसाठी मातृकंद का तपासावा लागतो, आणि एकाच कंदापासून सात-आठ फेऱ्यांपलीकडे रोपे का वाढवत नाहीत, हे ती त्यांना आता समजावून सांगते. पुढची रोपे मूळ झाडासारखी निघतीलच याची खात्री राहत नाही, हे त्याचे कारण. हे ज्ञान तिच्या अभ्यासक्रमात होते आणि त्याचे शुल्कही आम्ही भरले होते. माल मात्र दुसऱ्या दुकानातून घ्यावा लागला.

यावरून जैवतंत्रज्ञानाची पदवीच टाकाऊ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. लातूरला परभणी विद्यापीठाचे स्वतःचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण व संशोधनाकडे जाण्याची तयारी असलेल्या मुलाला या विषयात खरोखर खोल पाणी आहे. चौथ्या वर्षाच्या शेवटी लगेच पगार हवा असलेल्या घराने मात्र थांबून विचार करावा, कारण या विषयात नुसत्या पहिल्या पदवीवर मिळणारी कामे थोडी आहेत.

धाकटीचे महाविद्यालयही खासगीच होते, आणि पुतणीच्या अनुभवानंतर मी तेथे जरा फुरंगटूनच गेलो. इमारत साधी होती, ग्रंथालयात कपाटे कमी आणि पंखे जास्त होते, पूर्णवेळ शिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पण मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये एक लहानसा प्रक्रिया विभाग होता आणि आम्ही गेलो तेव्हा तेथे पेरू उकळत होता. फरशी ओली होती, एक मुलगा भांडी घासत होता, आणि फळ्यावर त्या दिवशीच्या उत्पादनाचा हिशोब खोडून पुन्हा लिहिलेला होता. मी तेथेच होकार दिला.

अन्नतंत्रज्ञान म्हणजे लोणची-पापड शिकवणारी पदवी, असा एक समज आमच्या पाहुण्यांत आहे. मुलीने पहिल्याच सुटीत एका आत्याच्या तोंडावर तो दूर केला. जॅममध्ये विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात आणि बहुतेक फळांच्या बाबतीत फळाचा वाटा किमान ४५ टक्के असावा लागतो, हे तिने सांगितले. मग तिने हे विद्राव्य घन पदार्थ मोजणारा खिशातला वक्रीभवनमापक काढून आत्याच्या घरच्या मुरंब्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि तो पावसाळाभर टिकणार नाही असे भाकीत केले. मुरंबा जुलैमध्ये आंबला. आत्या तिच्याशी काही दिवस बोलत नव्हती.

आमच्या दृष्टीने खरी परीक्षा हळदीची होती. वसमतची बाजारपेठ हळदीवर चालते, आणि आमच्या नऊपैकी तीन एकरांत सेलम जातीची हळद असते. पूर्वी आम्ही कढईत हळद अंदाजाने शिजवत असू. आता वाफेचे कुकर आले असले तरी अंदाज तोच राहिला होता. मुलीने शेवटच्या वर्षीचा प्रकल्प याच विषयावर घेतला आणि वेगवेगळ्या वेळी उतरवलेल्या शिजवणीचे नमुने महाविद्यालयात नेऊन त्यांतील कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, ४२५ नॅनोमीटरवर वर्णपटमापकाने मोजले. फार शिजलेल्या हळदीचा रंग उतरतो हे म्हातारी माणसे सांगत होतीच, पण किती मिनिटांनी किती उतरतो, याचा आमच्याच कंदांचा आलेख आता घरात आहे. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय पोती भरायची नाहीत, हा नियमही तिने लावला, आणि त्यासाठी माझ्याशी वाद घातला, कारण वजन घटते. भेसळ ओळखण्याची एक पद्धत तिने दुकानात बसून गिऱ्हाइकांना दाखवली: हळदपुडीत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की लाल-गुलाबी रंग येतो, तो शुद्ध हळदीतही येतो, पण पाणी घातल्यावर तो गेला तर हळदीचा आणि टिकून राहिला तर मेटॅनिल यलो या कृत्रिम रंगाचा. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात चार वर्षांचे शिक्षण आहे. पहिले अर्धे वाक्य इंटरनेटवर कोणीही सांगतो, आणि त्यामुळे चांगल्या हळदीवरही आळ येतो.

उद्योगातील प्रशिक्षणासाठी ती एका दूध प्रकल्पात होती. दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवायचे, हे पुस्तकातले वाक्य तिला रात्रपाळीत कळले, तापमान घसरल्यावर दूध आपोआप मागे वळवणारी झडप अडकली तेव्हा. दूध पुरेसे तापले की नाही हे सांगणाऱ्या फॉस्फेटेज चाचणीचा निकाल येईपर्यंत टाकी थांबवायची की सोडायची, हा निर्णय घेणारा माणूस तिने जवळून पाहिला. या महाविद्यालयाचा एक दोष मात्र नमूद करतो: अन्नाची सुरक्षितता आणि पोषण शिकवणाऱ्या त्या संस्थेच्या मुलींच्या खाणावळीत आमटी इतकी पातळ असे की तिचा विद्राव्य घन पदार्थ मोजण्याची मुलींना फार इच्छा होई. तक्रारी झाल्या, ठेकेदार बदलला, आमटी बदलली नाही.

हाच विषय तंत्रशिक्षणाच्या बाजूनेही शिकता येतो. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि नागपूरची लक्ष्मीनारायण ही जुनी, नावाजलेली ठिकाणे आहेत, पण तेथील प्रवेशाची वाट गणितातून जाते आणि घडण अभियांत्रिकीची आहे. कृषी विद्यापीठांच्या बाजूला परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून आहे, आणि जीवशास्त्र घेतलेल्या ग्रामीण मुलाला ही वाट जवळची पडते.

खर्चाबद्दल थोडक्यात लिहितो. घटक महाविद्यालयाचे शुल्क खासगीच्या तुलनेत किरकोळ होते. खासगीत शुल्काखेरीज वसतिगृह, खाणावळ, सहली आणि ‘इतर’ या नावाचा एक रकाना असतो, आणि तोच सर्वांत वाढतो. शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर वेळेत भरावेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता या दोन योजना अनेक पालकांना प्रवेश झाल्यावर कळतात. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळाली, तिचा लाभ धाकटीला शेवटच्या वर्षी झाला. महाविद्यालयाने मात्र आधी पूर्ण रक्कम भरून घेतली आणि ती परत मिळवायला आम्हाला सहा हेलपाटे घालावे लागले.

नोकरीचा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो, म्हणून जे पाहिले ते सांगतो. थोरल्याच्या तुकडीतली बहुसंख्य मुले पदवी हातात पडताच पुण्यातल्या अभ्यासिकांत गेली आणि राज्यसेवा, कृषी सेवा किंवा बँकेतील कृषी अधिकारी पदांची तयारी करू लागली. त्यांतली थोडी लागली, बाकीची तिशीपर्यंत तेथेच राहिली. माझा मुलगा दोन वर्षे तयारी करून परतला आणि दुकानात बसला. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शिक्षणाची अट आली तेव्हा माझ्यासारख्या पदवी नसलेल्या जुन्या विक्रेत्याला ‘देसी’ ही खास विक्रेत्यांसाठीची पदविका करावी लागली, म्हणजे चाळीस वर्ग आणि आठ क्षेत्रभेटी, एकूण अठ्ठेचाळीस आठवड्यांचे रविवार. मुलाच्या पदवीने तो प्रश्न पुढच्या पिढीपुरता मिटला. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: अन्न सुरक्षा अधिकारी या पदासाठी अन्नतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि कृषी या तिन्ही शाखांच्या पदव्या पात्र धरल्या जातात, त्यामुळे आमच्या घरात एका पदासाठी तीन उमेदवार आहेत आणि जाहिरात निघाली की जेवणाच्या पंगतीत थोडी शांतता पसरते.

कृषी शिक्षणाचा अभ्यासक्रम सुचवणाऱ्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार आता नवा अभ्यासक्रम आला आहे. त्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि सुरुवातीपासून कौशल्याच्या विषयांवर भर आहे. ज्या महाविद्यालयात पूर्वी वाफे पेरले जात होते तेथे याचा निश्चित उपयोग होईल. जेथे पीसीआर यंत्र निळ्या कापडाखाली आहे, तेथे ‘कौशल्य’ हा आणखी एक छापील रकाना होण्याची भीती मला वाटते.

तारे द्यायचेच झाले तर पाचपैकी घटक महाविद्यालयाच्या कृषी पदवीला चार, पत्र्याच्या शेडच्या अन्नतंत्रज्ञानाला चार (आमटीचा अर्धा मी कापला होता, मुलीने तो भांडून परत मिळवला) आणि काचेच्या दारांच्या जैवतंत्रज्ञानाला दीड.

यंदा धाकट्या भावाचा मुलगा सामाईक प्रवेश परीक्षा देऊन पर्याय भरायला बसला आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर काढून ठेवले आहेत. गेल्या महिन्यात आम्ही दोघे पाच महाविद्यालये पाहून आलो, आणि यावेळी प्राचार्यांच्या खोलीत फार वेळ बसलो नाही. प्रक्षेत्रावर जाऊन चालू हंगामात विद्यार्थ्यांच्या नावाची पाटी असलेले वाफे किती आहेत ते मोजले, मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिक वही पाहायला मागितली आणि तीत फसलेले प्रयोग शोधले, आणि प्रयोगशाळेच्या साठा नोंदवहीत अगार, मद्यार्क व आम्ले शेवटची कधी आणि किती विकत आणली ते वाचले. तीन ठिकाणी वही दाखवली. एका ठिकाणी नोंदवही लेखापालाकडे आहे आणि लेखापाल रजेवर आहे असे कळले. एका ठिकाणी कारकुनाने विचारले, तुम्ही तपासणीला आलात काय. त्या शेवटच्या दोघांची नावे पर्यायांच्या यादीतून वगळली आहेत, आणि पहिल्या क्रमांकावर जे लिहिले आहे त्याच्या प्रयोगशाळेत आम्ही गेलो तेव्हा एक मुलगी बुरशी आलेल्या बाटल्या धुण्यासाठी बादलीत टाकत होती.